गणितातला ज्वालामुखी

शिवकन्यानं ज्वालामुखी कधी पाहिलेला नाही. जन्म उदगीरचा, शिक्षण लातूरचं आणि लग्न होऊन आली ती मुखेडला. तिचे वडील बसवंतअप्पा यांचं उदगीरला भांड्यांचं दुकान आहे. मुलगी नेमकं काय शिकते असं कुणी गिऱ्हाइकानं विचारलं की ते "जमिनीखालचं काहीतरी" एवढंच सांगायचे. नवरा सोमेश मुखेडच्या एसटी आगारात मेकॅनिक. त्याच आगारातून सकाळची गाडी धरून ती कंधार-लोहामार्गे नांदेडला जायची, विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत बसायची आणि हजारो मैल लांब, पूर्वेच्या समुद्रातल्या एका बेटावरच्या ज्वालामुखीच्या पोटात काय चाललंय याचा शोध घ्यायची. तिथल्या वेधशाळेनं यंत्रांच्या नोंदी इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या होत्या. त्यावरच तिची पीएचडी चालली होती.

ज्वालामुखीखाली लहान लहान भूकंप सतत होत असतात. खडक तिथं मुख्यतः दोन तऱ्हांनी हलतो. एक तर खडकाचे दोन तुकडे एकमेकांवर घसरतात. ही साधी गोष्ट, ती कुठंही होते. किंवा मग खालून तापून वितळलेल्या खडकाचा रस वर चढतो, खडक ताणला जाऊन फट उघडते, पोट फुगतं. ही धोक्याची खूण. पण आत उतरून बघायला कोण जाणार? हाती असतात त्या फक्त वरच्या यंत्रांनी काढलेल्या नागमोडी रेघा. त्या रेघांवरून उलट मागं जात खाली काय घडलं ते संगणकाकडून काढून घ्यायचं. त्यासाठी संगणकाला आधी सांगावं लागतं की लाट खालून वर येताना तिला वाटेत कोणकोणता खडक लागला, किती कठीण, किती जाड. ही वाट म्हणजे त्याचं मॉडेल. प्रत्यक्षातली वाट कुणाला पुरती माहीत नसते. म्हणून बहुतेक जण ती सोपी करून घेतात, एकावर एक सपाट थर, चपात्यांच्या चवडीसारखे.

शिवकन्याचे मार्गदर्शक डॉ. सिद्धलिंग बिरादार. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते नुकतेच नोकरीला लागले होते. पाहणी करणाऱ्या पथकांबरोबर ते महिनाभर ढिगाऱ्यांतून फिरले आणि त्यानंतर आयुष्यभर दुसरा विषय त्यांनी हातात घेतला नाही. माणूस कडक, पण विद्यार्थ्याच्या घरी कुणी आजारी असेल तर आधी चौकशी त्याची करणारा. रेघांवरून उत्तर काढणारा संगणकाचा प्रोग्राम त्यांनीच बसवलेला होता. तीन वर्षांच्या कामानंतर त्या बेटाखालच्या भूकंपांचं उत्तर स्पष्ट आलं होतं: बहुतेक ठिकाणी फट उघडते आहे, रस वर चढतो आहे. शोधनिबंध लिहून झाला होता आणि सरांनी तो परदेशातल्या एका परिषदेला पाठवायचं ठरवलं होतं.

त्याच सुमारास, पावसाळा सरता सरता, करडवाडीला आवाज यायला लागले.

करडवाडी हे सोमेशचं गाव, मुखेडहून देगलूरच्या अंगाला. तिथं त्याची आई नीलाबाई शेत सांभाळून एकटी राहते. जमिनीखालून ट्रक गेल्यासारखी गुडगुड व्हायची, मग मांडणीवरची भांडी हलायची. कुणाच्या भिंतीला चीर गेली, कुणाच्या चुलीचा ओटा खचला. सरांनी तातडीनं चार यंत्रं आणून बसवली: शाळेत, ग्रामपंचायतीत, सोसायटीच्या गोदामात आणि नीलाबाईंच्या घरी. वीज आणि कुलूप लागणारी खोली असेल तिथंच यंत्र ठेवता येतं, त्यामुळं चारही यंत्रं गावाच्या रस्त्याकडच्या बाजूला आली.

पुरेशा नोंदी जमल्यावर सरांनी त्याच प्रोग्राममध्ये त्या घातल्या. उत्तर तेच आलं. फट उघडते आहे, जमीन फुगते आहे.

सर खूश झाले. दोन अगदी वेगळ्या जागा आणि दोन्हीकडं सारखीच खूण, यात काहीतरी मोठं दडलंय असं त्यांना वाटलं. त्याच दिवशी एका बातमीदाराचा फोन आला आणि ते बोलून गेले की प्राथमिक निष्कर्षानुसार करडवाडीखाली खडक प्रसरण पावत असण्याची शक्यता आहे. छापून आलं ते एवढंच: करडवाडीखाली जमीन फुगतेय. संध्याकाळपर्यंत त्या बातमीला कुणीतरी लाल रस ओकणाऱ्या डोंगराचं चित्र जोडलं आणि ते तालुकाभर मोबाइलवर फिरलं. आपला काळा दगड मुळात ज्वालामुखीचाच, तो पुन्हा जागा झालाय, असं त्यासोबत लिहिलं होतं.

माणसं शेतात पाल ठोकून राहू लागली. शाळा लिंबाच्या झाडाखाली भरू लागली. मुखेडच्या बाजारात करडवाडीच्या दुभत्या म्हशी विकायला आल्या आणि व्यापाऱ्यांनी गावाचं नाव ऐकूनच भाव पाडला. महामाया नावाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. अर्धापूरच्या सोयऱ्यांनी निरोप पाठवला की वऱ्हाड तिकडं आणणार नाही, मुखेडला कार्यालय घ्या.

शिवकन्या रविवारी गावी गेली तेव्हा नीलाबाई अंगणात उडीद पाखडत बसल्या होत्या. त्यांचं माहेर औसा तालुक्यातलं. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांची आई आणि दोन भाऊ भिंतीच्या दगडांखाली गेले होते. त्यावर त्या कधी बोलत नाहीत. गावातल्या बायका सकाळपासून त्यांच्याकडं येऊन गेल्या होत्या, कारण सून विद्यापीठात त्याच कामाला आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. नीलाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"खरं काय हाय ते सांग. मला बरं वाटावं म्हणून सांगू नको."

"मला अजून माहीत न्हाई, आत्या."

"मंग माहीत करून घे. पेपरवाल्याला समदं माहीत हाय अन् तुला न्हाई, असं कसं?"

शिवकन्याला त्या बोलण्याचा राग आला नाही. बाई बरोबर बोलत होत्या. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून ती एकाच गोष्टीचा विचार करत राहिली. इथला काळा दगड ज्वालामुखीचा आहे हे खरं, पण तो थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली. खाली रस नाही, उष्णता नाही, फुगायला काही कारणच नाही. त्या बेटावर फट उघडणं शक्य होतं, म्हणून उत्तर आल्यावर कुणी शंका घेतली नाही. करडवाडीत ते शक्य नव्हतं आणि तरीही उत्तर तेच आलं होतं. मग एक तर करडवाडीखाली जगात कुणाला न कळलेलं काही होतं, किंवा हा प्रोग्राम कुठलीही नोंद दिली तरी हेच सांगत होता.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तिनं एक साधी परीक्षा घेतली. संगणकातच एक खोटा भूकंप तयार केला, निव्वळ घसरणीचा, फट वगैरे काही नसलेला. पण त्याची लाट वर आणताना तिनं सपाट थर वापरले नाहीत. बेटावरच्या डोंगराचा खरा उतार, वरची भुसभुशीत राख, दऱ्या, सगळं घातलं. त्या लाटेच्या ज्या रेघा आल्या त्या नेहमीच्या प्रोग्रामला दिल्या, म्हणजे डोंगर नसून तिथं सपाट चवड आहे असं मानणाऱ्या प्रोग्रामला. उत्तर आलं: फट उघडते आहे.

तिनं घसरणीची दिशा बदलली, खोली बदलली. दर वेळी कमी-अधिक तेच. डोंगराच्या उतारावर आपटून लाट वाकत होती, राखेत रेंगाळत होती, आणि वाटेत झालेला हा सगळा फरक प्रोग्राम भूकंपाच्या नावावर टाकत होता. भोंग्यातून भजन फाटकं ऐकू आलं म्हणून गाणाऱ्याचाच घसा बसलाय म्हणावं, तसं.

निबंधाची तीन वर्षं समोर पडद्यावर होती. ती उठून सरांच्या खोलीत गेली.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि परिषदेचा निबंध हे त्यांचं शेवटचं मोठं काम ठरणार होतं. त्यांनी विचारलं की खऱ्या नोंदीत गोंगाट असतो, वाऱ्याचा, समुद्राचा. तुझ्या खोट्या भूकंपात तो कुठं आहे? प्रश्न रास्त होता. शिवकन्या परत गेली, खऱ्या नोंदीतला गोंगाट खोट्या भूकंपात मिसळला आणि पुन्हा हिशेब केला. उत्तर बदललं नाही. मग सर म्हणाले की डोंगराचा नकाशाच ढोबळ असेल तर? तिनं वेधशाळेला पत्र लिहून बारीक नकाशा मागवला. तो यायला आणि त्यावर काम व्हायला दिवाळी उलटून गेली. सुट्टीत इमारत रिकामी होती, वीज जायची आणि चालू असलेला हिशेब अर्ध्यावर तुटायचा. ती पुन्हा पहिल्यापासून लावायची. बारीक नकाशावरही उत्तर बदललं नाही. सोमेशनं दोन-चार वेळा सुचवून बघितलं की सर म्हणतात तसा निबंध पाठवून दे, नंतर बघू. एका जेवणाला तिनं त्याला इतकंच विचारलं की गाडीचा ब्रेक लागतोय की नाही याची शंका असताना तू ती फलाटावर लावतोस का. त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही.

तिसऱ्यांदा ती सरांसमोर बसली तेव्हा त्यांनी कागद बाजूला सारले.

"हे मान्य केलं तर तुझा प्रबंध पहिल्यापासून लिहावा लागेल. कळतंय ना तुला?"

"हो सर."

"आणि मी पेपरात बोलून बसलोय."

"गाव अजून शेतात झोपतंय, सर. आधी ते बघू. प्रबंधाचं नंतर."

सरांनी कपाटाची किल्ली तिच्याकडं सरकवली. जमिनीचे वरचे थर तपासायचं सामान त्या कपाटात होतं.

प्रोग्राम करडवाडीत चुकतोय एवढं दाखवून भागणार नव्हतं. खरं उत्तर काढायचं तर करडवाडीची खरी वाट हवी होती. प्रोग्रामनं तिथं सगळीकडं सारख्याच जाडीचा काळा दगड धरला होता, लातूरकडचे आकडे घेऊन. पण मुखेडहून देगलूरकडं जाताना काळा दगड पातळ होत जातो आणि मग संपतो. गोल गोल धोंड्यांचा, तांबूस-राखाडी ग्रॅनाइट वर डोकावतो. करडवाडी नेमकी त्या बदलावर वसलेली. रस्त्याकडची बाजू काळ्या दगडावर, तर महादेवाच्या माळाकडची जवळजवळ ग्रॅनाइटवर. आणि यंत्रं चारही एकाच बाजूला.

जानेवारीत ती सामान घेऊन गावात उतरली. शेतात सरळ रेषेत लहान लहान यंत्रं रोवायची, एका टोकाला लोखंडी पत्रा ठेवायचा आणि त्यावर घणाचा घाव घालायचा. घावाची लाट कुठं किती वेळात पोचते त्यावरून खालच्या थरांचा अंदाज येतो. घण मारायला गावचा सरपंच भागवत स्वतः उभा राहिला. तो तिच्यावर चिडलेलाच होता. विद्यापीठानं गावाची अब्रू घालवली असं तो उघड बोलायचा. पण दुसरं कुणी पुढं येईना. लोक बांधावर उभे राहून बघत होते आणि आधीच हादरणाऱ्या जमिनीला वर घण कशाला, असं आपसात बोलत होते. भागवत घामेघूम होईपर्यंत घाव घालत राहिला. घावाच्या वेळी कुणी चाललं तरी नोंद बिघडायची, म्हणून नीलाबाईंनी बांधावरच्या सगळ्यांना खाली बसवलं आणि गप्प केलं. त्या आठवड्यात गावात पहिल्यांदाच लोक हादऱ्याची वाट बघत नव्हते. काम करत होते.

सरही आले. न सांगता, मुखेडची एसटी धरून. माळावर महादेवाच्या देवळामागं पुजारी शिवप्पांच्या खोलीत एक यंत्र आणि पलीकडच्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत दुसरं, अशी त्यांनी स्वतः बसवून घेतली. भागवतनं त्यांना चहा दिला, पण त्यांच्याशी बोलला नाही.

उन्हाळा लागेपर्यंत नवं मॉडेल उभं राहिलं, एका बाजूला जाड काळा दगड, दुसरीकडं वर येत गेलेला ग्रॅनाइट, त्यावर मुरूम. त्यातून पाहिलं तर करडवाडीचे हादरे साधी घसरण निघाले, खडकातल्या जुन्या भेगेवर, फारशी खोल नाही. फुगवटा नाहीसा झाला होता.

शिवकन्याला लगेच गावात जाऊन सांगायचं होतं. सरांनी थांबवलं. एकदा चुकीचं सांगून झालंय, म्हणाले, आता सांगण्याआधी मी तुझी परीक्षा घेणार. त्यांनी स्वतः खोटे भूकंप तयार केले, काही घसरणीचे, काही फट उघडण्याचे, आणि उत्तरं आपल्याकडं ठेवून नुसत्या रेघा तिला दिल्या. तिनं नव्या मॉडेलनं त्यांची उत्तरं काढली आणि प्रत्येकापुढं आपल्याला किती खात्री आहे तेही लिहिलं. बहुतेक बरोबर आली. जिथं चुकली तिथं तिनं आधीच खात्री नाही असं लिहिलेलं होतं. एक मात्र असं निघालं की ते तिनं पूर्ण खात्रीनं लिहिलं होतं आणि ते साफ चूक होतं. अगदी उथळ, दोन खडकांच्या सांध्यावरचा भूकंप होता तो. सर म्हणाले की एवढ्यानं काही बिघडत नाही. शिवकन्यानं तो सोडला नाही. तसल्या जागेवरचा हादरा आपल्याला ओळखता येत नाही असं तिनं निष्कर्षातच लिहून टाकलं आणि करडवाडीच्या नोंदींतून तशा जागेवरचे हादरे वेगळे काढले. राहिलेल्यांवरूनही उत्तर तेच उभं राहिलं. तेव्हा कुठं ती गावात जायला तयार झाली.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. सर आधी उभे राहिले. पेपरात जे आलं ते माझ्या बोलण्यावरून आलं, हिशेब अपुरा होता, मी बोलायला नको होतं, असं त्यांनी सांगितलं आणि खाली बसले. मग भागवतनं शिवकन्याला विचारलं, आता हादरे थांबतील का.

"ते मला सांगता येत न्हाई," ती म्हणाली. "होतील बी, थांबतील बी. खाली काही फुगत न्हाई, ज्वालामुखी न्हाई, एवढं मी तपासून सांगायलेय. पण तुमच्या भिंती दगड-मातीच्या हायत आणि वर मातीचं धाबं हाय. माणूस मरतं ते त्याच्यानं. साधा हादरा बी त्याला पुरतो."

हे ऐकून काही जण नाराज झाले. त्यांना सगळं ठीक आहे असं ऐकायचं होतं. नीलाबाई मात्र बायकांच्या बाजूनं उभ्या राहिल्या. किल्लारीच्या वेळचं त्या पहिल्यांदाच चारचौघांत बोलल्या, फार नाही, दोन-तीन वाक्यं: आई दाराशी होती, पाऊल बाहेर टाकायचं तेवढं राहिलं, वरून माती आली. मग म्हणाल्या की माझ्या घराचं धाबं उद्या उतरवा.

दुसऱ्या दिवशी भागवत आणि सोमेश नीलाबाईंच्या छतावर चढले. वर्षानुवर्षं चिखल लिंपून कंबरभर झालेली माती टोपल्यांनी खाली आली आणि तिच्या जागी पत्रा पडला. मग शेजारचं घर, मग शिवप्पांचं. पुढच्या पावसाळ्याआधी निम्म्याहून जास्त गावानं धाबी उतरवली होती. ज्यांच्याकडं पत्र्याला पैसा नव्हता त्यांनी निदान मातीचा थर अर्धा केला आणि भिंतींच्या कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या मारून घेतल्या. महामायाचं लग्न करडवाडीतच लागलं, मारुतीच्या पारासमोर. अर्धापूरचं वऱ्हाड आलं आणि जेवून गेलं.

बेटाचं काम तिनं नव्यानं केलं. डोंगर जसा आहे तसा घातल्यावर उघडणाऱ्या फटींपैकी बहुतेक विरून गेल्या. बहुतेक, सगळ्या नव्हेत. शिखराखालच्या एका जागी काही भूकंप कसंही तपासलं तरी फट उघडल्याचेच राहिले. तिथं खरोखरच काही वर चढत होतं, फक्त आधी वाटलं होतं त्यापेक्षा फार थोडं आणि एकाच ठिकाणी. तिनं ते वेधशाळेला कळवलं. त्यांनी त्या जागेच्या आसपास दोन यंत्रं वाढवली.

प्रबंधाचा विषय बदलून मॉडेलच्या चुकीमुळं भूकंपाचं कारण कसं चुकीचं वाचलं जातं, असा झाला. करडवाडीचं एक पूर्ण प्रकरण त्यात आहे आणि तो खात्रीनं चुकलेला भूकंपही आहे, आकृतीसकट. यंदा उन्हाळ्यात नांदेडला खुली मौखिक परीक्षा झाली. बसवंतअप्पा दुकान बंद ठेवून आले होते, नीलाबाई सोमेशबरोबर मागच्या रांगेत बसल्या होत्या. निवृत्त झालेले सर पाहुणे म्हणून आले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटी जरा खोचकपणे विचारलं की इतक्या वर्षांत तुम्ही सिद्ध काय केलं, आपल्याला किती कळत नाही हेच ना?

शिवकन्या म्हणाली, "हो सर. कुठपर्यंत कळतं आणि कुठून पुढं कळत नाही, ती हद्द मी दाखवली. हद्द माहीत नसताना आम्ही एका गावाला रानात झोपवलं होतं."

बाहेर व्हरांड्यात पेढे वाटले गेले. बसवंतअप्पांनी सरांच्या पायाला हात लावायचा प्रयत्न केला, सरांनी तो लावू दिला नाही.

शिवकन्या आता मुखेडच्या कॉलेजात शिकवते. ऑगस्टमध्ये करडवाडीला पुन्हा एक हादरा बसला, आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा. एक गोठा पडला, कुणाला लागलं नाही. बातमीदारांचे फोन सुरू झाले, तेव्हा तिनं सगळ्यांना एकच सांगितलं की नोंदी तपासून होईपर्यंत मी बोलणार नाही. मग तिनं देगलूरची गाडी धरली, कारण माळावरचं यंत्र ओलीनं बंद पडलं होतं आणि ते त्याच दिवशी चालू होणं गरजेचं होतं.